बाळाच्या नाकातले बिऱ्हाड

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तासभर बसून पाहावे. दीड महिन्याचे बाळ आईच्या मांडीवर असते. सिस्टर आधी पोलिओचे थेंब तोंडात टाकतात, रोटाव्हायरसची लस पाजतात. मग दंडात एक सुई, डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत पीसीव्ही. बाळ टाहो फोडते, आई त्याला छातीशी धरते, आशाताई कार्डावर तारीख लिहून पुढची तारीख तोंडी बजावतात. शेजारी त्या बाळाचे तीन वर्षांचे भावंड पदर धरून उभे असते आणि वाहणारे नाक बाहीला पुसत असते.

सगळ्यांचे लक्ष रडणाऱ्या बाळाकडे असते. पण उजव्या मांडीत दिलेल्या लसीची खरी कसोटी त्या थोरल्याच्या नाकात लागते. नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या पोकळीत, न्यूमोकोकस नावाचा जंतू राहतो. ही लस त्याच्याविरुद्धची. मूल हसते, खेळते, जेवते. त्याला काहीही झालेले नसते. तरी जंतू तिथे असतो. डॉक्टर याला ‘कॅरेज’ म्हणतात, मराठीत आपण ‘वहन’ म्हणू. लस घेतलेल्या, धडधाकट मुलांमध्येही हे वहन आढळते. मग लसीने केले काय? गेल्या पंचवीस वर्षांत जगात आणि आपल्याकडे या प्रश्नावर जे हाती आले, त्याचा हा आढावा.

जंतू आणि त्याचा अंगरखा

न्यूमोकोकस पहिल्यांदा ओळखला गेला १८८१ साली. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेगळा केला. जोडीजोडीने राहणारा हा गोल जंतू अंगावर साखरेच्या साखळ्यांचा जाड अंगरखा घालतो. शरीराच्या पांढऱ्या पेशींना तो पटकन गिळता येत नाही, तो या अंगरख्यामुळे. अंगरख्याच्या रचनेवरून त्याचे प्रकार पडतात आणि आजवर असे शंभराहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे: १, ५, ६ बी, १४, १९ एफ, २३ एफ असा.

नाक हे या जंतूचे कायमचे गाव. तिथून तो शिंक, खोकला, लाळ, शेंबूड यांच्यासोबत दुसऱ्याच्या नाकात जातो. बहुतेक वेळा काही आठवडे, कधी काही महिने राहतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की निघून जातो. त्याची जागा दुसरा प्रकार घेतो. क्वचित तो नाकाची सीमा ओलांडतो. कानात गेला तर कान फुटतो, फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो, रक्तात शिरला तर सेप्सिस आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेंदूज्वर. वहनाशिवाय आजार नाही, पण वहन म्हणजे आजार नव्हे. पुढचे सगळे समजायला हे एक वाक्य पुरेसे आहे.

सीमा ओलांडणे क्वचित घडते, पण मुलांची संख्या मोठी असली की त्या क्वचिताचा आकडा भयंकर होतो. २०१५ या एका वर्षात भारतात पाच वर्षांखालील सुमारे ६८,७०० मुले न्यूमोकोकसमुळे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. आपल्याकडे घराघरात ‘बाळाचे पोट उडतेय’, ‘छाती भरली’, ‘डबा झाला’ असे जे बोलले जाते, त्यातल्या बऱ्याच दुखण्यांच्या मागे हा जंतू होता आणि आहे.

नाकातून नमुना कसा घेतात

वहन मोजणे ऐकायला सोपे, करायला नाजूक. मुलाला आईच्या मांडीवर बसवून डोके हळूच धरायचे. लवचीक दांडीचा, टोकाला नायलॉनचे बारीक तंतू असलेला बोळा नाकपुडीतून सरळ मागे न्यायचा, नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्म्यापर्यंत. तिथे क्षणभर थांबून गोल फिरवायचा आणि बाहेर काढायचा. मुलाच्या डोळ्यांत पाणी येते, शिंक येते, पण इजा होत नाही.

तो बोळा एका छोट्या कुपीत बुडवतात. कुपीतल्या द्रावणात दूध पावडर, ट्रिप्टोन, ग्लुकोज आणि ग्लिसरॉल असते. यात जंतू उणे ७० अंशांखालीही जिवंत राहतो, म्हणून खेड्यात घेतलेला नमुना महिन्यांनंतरही मोठ्या प्रयोगशाळेत वाढवता येतो. तिथे तो मेंढीचे रक्त मिसळलेल्या थाळीवर पसरतात. न्यूमोकोकस असेल तर दुसऱ्या दिवशी भोवती हिरवट वलय असलेले, मध्यभागी खोलगट ठिपके दिसतात. ऑप्टोचिन नावाच्या औषधाच्या चकतीजवळ तो वाढत नाही आणि पित्तक्षारात विरघळतो, या दोन खुणांनी ओळख पक्की होते. मग विशिष्ट प्रतिद्रव्ये टाकून अंगरख्याचा प्रकार ठरवतात. प्रकार जुळला की सूक्ष्मदर्शकाखाली अंगरखा फुगल्यासारखा दिसतो. एकाच नाकात दोन-तीन प्रकार एकत्र नांदत असतील तर ते जनुकीय तपासणीत कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने या साऱ्याची एकसारखी पद्धत ठरवून दिल्यामुळे केनियाचा आकडा आणि पुण्याचा आकडा शेजारी ठेवून वाचता येतो.

लस येण्याआधीचे चित्र

लस येण्याआधी गरीब देशांत हा जंतू बाळाला फार लवकर गाठत असे. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियाच्या खेड्यांत बहुतेक सगळ्या लहान मुलांच्या नाकात तो सापडला. आपल्या जवळचे उदाहरण तामिळनाडूचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ग्रामीण बाळांना जन्मतः अ जीवनसत्त्व देण्याचा मोठा प्रयोग झाला आणि त्याच बाळांच्या नाकातील नमुनेही घेण्यात आले. दोन महिन्यांच्या वयातच निम्म्याहून अधिक बाळांच्या नाकात न्यूमोकोकस होता. सहा महिन्यांपर्यंत हे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांवर गेले.

हे आकडे लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावेत. पहिली मात्रा दीड महिन्याला, दुसरी साडेतीन महिन्यांना आणि तिसरी, म्हणजे बूस्टर, नऊ महिन्यांना. म्हणजे लस नीट अंगी लागण्याआधीच जंतूने बाळाचे दार वाजवलेले असते. तो येतो कुठून? दोन महिन्यांचे बाळ बाजारात जात नाही, शाळेत जात नाही. ते घरात असते आणि घरात थोरले भावंड असते. जगभरच्या पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: घरात पाच वर्षांखालचे दुसरे मूल असेल तर बाळाच्या नाकात न्यूमोकोकस सापडण्याची शक्यता वाढते. एका खोलीत दाटीने झोपणारे कुटुंब, चुलीचा आणि विडीचा धूर, थंडीतली सर्दी, अंगणवाडीतली गर्दी या गोष्टी त्यात भर घालतात. उमरगा–लोहारा भागातल्या कुठल्याही वस्तीत किंवा तांड्यावर हे सगळे एकाच छपराखाली पाहायला मिळते.

लस नाकात काय करते

न्यूमोकोकसच्या नुसत्या अंगरख्यापासून केलेली लस फार पूर्वीपासून होती. पण दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर साखरेच्या साखळ्यांना नीट ओळखत नाही, त्यामुळे जिथे सर्वाधिक गरज तिथेच ती लस तोकडी पडायची. मग ही साखर एका प्रथिनाला जोडण्याची युक्ती निघाली. प्रथिन दिसताच बाळाची प्रतिकारयंत्रणा सावध होते आणि सोबतच्या साखरेचीही आठवण ठेवते. हीच कॉन्ज्युगेट लस, म्हणजे पीसीव्ही. सात प्रकारांविरुद्धची पहिली पीसीव्ही अमेरिकेत २००० साली आली.

तिचा सर्वांत मोठा गुण थोड्याच वर्षांत ध्यानात आला. ही लस रक्तातल्या जंतूला रोखतेच, शिवाय लसीत असलेल्या प्रकारांना नाकात वस्ती करण्यापासूनही बऱ्याच अंशी अडवते. मात्र इथे बारकावा आहे. नाकात आधीच येऊन बसलेल्या जंतूला ती फारशी हुसकावत नाही. नव्याने येणाऱ्याला दारात अडवणे हे तिचे मुख्य काम. शिवाय नाकातली वस्ती रोखायला रक्तातला आजार रोखण्यापेक्षा जास्त प्रतिद्रव्ये लागतात.

या गुणाचा सर्वांत स्पष्ट पुरावा केनियाच्या किलिफी जिल्ह्यातून आला. तिथे २०११ च्या सुरुवातीला दहा प्रकारांविरुद्धची लस सुरू झाली आणि बाळांसोबत पाच वर्षांखालच्या मोठ्या मुलांनाही देण्यात आली. लसीतल्या प्रकारांचे वहन या वयोगटात ३४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. पुढच्या काही वर्षांत लसीतल्या प्रकारांमुळे होणारे गंभीर आजार पाच वर्षांखालच्या मुलांत ९२ टक्क्यांनी घटले. लस मिळण्याच्या वयाला न पोचलेल्या तान्ह्यांत आणि कधीच लस न घेतलेल्या मोठ्यांतही हे आजार कमी झाले. या तान्ह्यांना आणि आजी-आजोबांना वाचवले ते लस घेतलेल्या मुलांच्या नाकात झालेल्या बदलाने.

रिकाम्या जागेत कोण आले

लसीतले प्रकार नाकातून हटले तरी नाक रिकामे राहिले नाही. अमेरिकेत, युरोपात, आफ्रिकेत, जिथे जिथे लस आली तिथे लसीबाहेरच्या प्रकारांनी ती जागा घेतली आणि एकूण वहनाचे प्रमाण फारसे घटले नाही. एक बिऱ्हाड उठले, दुसरे आले. म्हणून आज लस घेतलेल्या निरोगी मुलाच्या नाकात न्यूमोकोकस सापडला तर लस वाया गेली असे कुणी समजू नये. महत्त्वाचा प्रश्न आहे तो ‘सापडला का’ यापेक्षा ‘कुठला सापडला’ हा.

कारण सगळे प्रकार सारखे घातक नसतात. प्रकार १ मुलांच्या नाकात क्वचितच सापडतो, पण सापडतो तेव्हा आजाराची शक्यता मोठी असते. काही प्रकार महिनोन्महिने नाकात राहूनही फारसे उपद्रव देत नाहीत. जागा घेणारे नवे प्रकार सरासरीने कमी घातक निघाले, म्हणूनच वहन तेवढेच राहूनही मुलांमधले गंभीर आजार उतरले. पण हा हिशोब कायमचा गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत पहिल्या लसीनंतर १९ ए हा औषधांना दाद न देणारा प्रकार वाढला. २०१० साली तेरा प्रकारांची लस आणून त्याला आवर घालावा लागला. इंग्लंडमध्ये ८, १२ एफ आणि ९ एन या प्रकारांनी मुख्यतः मोठ्या माणसांत डोके वर काढले. प्रकार ३ तर लसीत असूनही पुरता नमत नाही. नाकावर नजर ठेवण्याची गरज लसीनंतर वाढते, ती यामुळे.

महाराष्ट्राचा वाटा

या विषयात महाराष्ट्राचे काम मोलाचे आहे, आणि त्याची सुरुवात लसीच्याही आधी, गडचिरोलीत झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना आणि निरक्षर दायांनाही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: जिथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

वहनाच्या अभ्यासाचे महाराष्ट्रातले ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले वढू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथे चालतो. दक्षिण आशियातल्या बाळांच्या नाकातील न्यूमोकोकसवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वढू परिसरातली बाळे होती. मात्रा कमी करून, म्हणजे बाळपणी एक आणि नंतर एक बूस्टर एवढ्याच देऊन नाकातले वहन रोखता येईल का, हा जगभर चर्चेतला प्रश्नही वढूच्या बाळांत तपासला गेला. २०२३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांचा कल असा, की दोन मात्रांचे वेळापत्रक दुसऱ्या वर्षापर्यंत तीन मात्रांच्या जवळपास पोचते. इंग्लंडने २०२० पासून दोनच मात्रा देणे सुरू केले आहे. पण तिथे बहुतेक मुले आधीच लस घेतलेली होती आणि वहन मुळातच खाली आले होते. आपल्याकडे जंतू दोन महिन्यांच्या बाळाला गाठतो, तिथे सध्याच्या तीनही मात्रा वेळेवर देणे हेच शहाणपणाचे.

लसही घरचीच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘पाथ’ या संस्थेसोबत दहा प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ तयार केली. २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, वर्षभराने ती भारतात आली. १, ५, ६ ए, ६ बी, ७ एफ, ९ व्ही, १४, १९ ए, १९ एफ आणि २३ एफ हे तिच्यातले प्रकार भारतासारख्या देशांतले आजार डोळ्यांसमोर ठेवून निवडले आहेत. २०११ ते २०१५ या काळात देशातल्या निवडक रुग्णालयांनी गंभीर आजारी मुलांची पाहणी केली तेव्हा १४, १, ५ आणि १९ एफ हेच प्रकार सर्वाधिक निघाले होते. हे चारही लसीत आहेत. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीने चौदा प्रकारांची लसही काढली आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्ग उमरग्यातून जातो. भारतातल्या या दोन्ही लसी त्या रस्त्याच्या दोन टोकांना तयार होतात.

भारतात पीसीव्ही २०१७ साली हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पोचली. खासगी दवाखान्यात जिच्या एकेका मात्रेला काही हजार रुपये पडत, ती उपकेंद्रात मोफत मिळू लागली. गरिबाच्या लेकराच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे आणि तो कमी लेखू नये.

औषधांचा अतिवापर

नाकातल्या या जंतूवर आपण अजाणता आणखी एक प्रयोग करत असतो. मूल शिंकले की दुकानातून अँटिबायोटिकची बाटली आणायची, तीन दिवस पाजायची, मूल खेळू लागले की उरलेली फळीवर ठेवायची आणि पुढच्या सर्दीत धाकट्याला पाजायची. साधी सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर हे औषध लागू पडत नाही. पण नाकात निवांत राहणारे न्यूमोकोकस त्या औषधाला सामोरे जातात. कमजोर मरतात, टिकाव धरणारे उरतात आणि पुढच्या नाकात जातात. वर सांगितलेल्या देशपातळीवरच्या पाहणीत दोन तृतीयांश जंतू को-ट्रायमॉक्झॅझोलला दाद देत नव्हते. गडचिरोलीत कधीकाळी जीव वाचवणारे औषध हेच होते.

म्हणून निरोगी मुलाच्या नाकात न्यूमोकोकस सापडला तरी औषध द्यायचे नसते. तो काढून टाकता येत नाही आणि काढण्याची गरजही नसते. आजार झाला तर औषध, तेही डॉक्टरांनी सांगितलेले आणि सांगितले तितके दिवस.

उमरग्याने काय करावे

या साऱ्या आढाव्यातून एक निष्कर्ष मला ठामपणे मांडावासा वाटतो. तान्ह्या बाळाचे रक्षण त्याच्या थोरल्या भावंडाच्या नाकात सुरू होते. म्हणून नऊ महिन्यांची बूस्टर मात्रा सर्वांत मोलाची. तीच मुलाच्या अंगातली प्रतिद्रव्ये उंचावते आणि पुढची काही वर्षे, जेव्हा ते अंगणवाडीत जाते, धाकट्याचे पापे घेते, आपल्या तोंडातला घास त्याच्या तोंडात घालते, तेव्हा त्याच्या नाकाचे दार राखते.

आणि चुकण्याचा धोका याच मात्रेला. पहिल्या दोन वेळी बाळंतीण माहेरी किंवा घरी असते, आशाताईंच्या नजरेत असते. नऊ महिन्यांपर्यंत कुटुंब कामाला लागलेले असते. धाराशिव जिल्ह्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कुणी पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला बांधकामावर. कार्ड गावात पेटीत राहते आणि तारीख उलटून जाते. कारखान्याच्या तळावर, वीटभट्टीवर, सीमेपलीकडच्या आळंद–बसवकल्याणच्या केंद्रातही ही मात्रा मिळायला हवी. उशीर झाला म्हणून ती बुडाली असे मानू नये. पहिल्या वाढदिवसाआधी सुरू केलेल्या मात्रा पुढे पूर्ण करता येतात.

दुसरे काम आरोग्य खात्याचे आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे. धाराशिव, लातूर आणि सोलापूर या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि भोवतीची प्राथमिक आरोग्य केंद्रे हाताशी धरून दर दोन वर्षांनी काही शे निरोगी मुलांच्या नाकातील नमुने घेणे त्यांना अशक्य नाही. आजारी मुलांच्या रक्तातून जंतू वाढवणे खेड्यात अवघड, कारण रुग्णालयात येण्याआधीच त्यांना औषध मिळालेले असते. नाकाचा नमुना मात्र कुठल्याही अंगणवाडीत घेता येतो. लसीतले प्रकार हटत आहेत का, त्यांच्या जागी कोण येत आहे, नवे प्रकार कुठल्या औषधांना दाद देत नाहीत, ही तीन उत्तरे त्यातून मिळतील. कुठली लस पुढे वापरायची याचा निर्णय वढूच्या आणि किलिफीच्या आकड्यांसोबत मराठवाड्याच्या आकड्यांवरही व्हायला हवा.

तिसरे काम घरातले. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध, चुलीचा धूर बाळाच्या खोलीबाहेर आणि सर्दी झालेल्या थोरल्याला हात धुवायची सवय. शिवाय श्वास मोजणे प्रत्येक आईला यायला हवे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. लस घेतली आहे म्हणून वाट पाहायची नाही, कारण न्यूमोनिया इतर जंतूंनीही होतो.

घरात नऊ महिन्यांचे किंवा त्याहून मोठे मूल असेल तर आज त्याचे कार्ड काढून पाहा. पीसीव्हीच्या तिसऱ्या मात्रेसमोर तारीख नसेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी त्याला घेऊन उपकेंद्रात जा. ती सुई त्याच्यासाठी आहेच, आणि त्याच्या पाठीवर जन्मणाऱ्या भावंडासाठीही आहे.